डेकवरच्या मालवाहू विमानाचा वारस

नोव्हेंबर १९८५ ते फेब्रुवारी १९८७ या पंधरा महिन्यांत अमेरिकन नौदलाच्या व्हीआर-२४ या स्क्वाड्रनने अवघ्या सात ग्रेहाउंड या मालवाहू विमानांच्या जोरावर युरोप आणि भूमध्य समुद्राच्या टापूत वीस लाख पौंड माल, वीस लाख पौंड टपाल आणि चौदा हजार माणसे वाहून नेली. पौंडांचे किलो केले तर माल नऊ लाख किलो आणि टपालही नऊ लाख किलो. म्हणजे यंत्रांच्या सुट्या भागांइतकेच वजन घरून आलेल्या पत्रांचे आणि पार्सलांचे होते. विमानवाहू नौकेवर पाच हजार माणसे महिनोन्‌महिने किनारा न पाहता राहतात. त्यांचे अन्न, दारूगोळा आणि विमानांचे इंधन पुरवठा जहाजांतून येते. भर समुद्रात दोन जहाजे शेजारीशेजारी चालवून, मध्ये दोर आणि नळ्या टाकून ते चढवले जाते. पण रडारचा एखादा निकामी झालेला भाग आज बदलायचा असेल, तातडीने तज्ज्ञ आणायचा असेल, आजारी खलाशाला किनाऱ्यावरच्या इस्पितळात न्यायचे असेल, तर पुरवठा जहाजाची वाट पाहून भागत नाही. त्यासाठी डेकवर उतरू शकणारे छोटे मालवाहू विमान लागते. लढाऊ विमानांच्या झगमगाटात या विमानाकडे कोणाचे लक्ष जात नाही, पण ते आले नाही की लढाऊ विमानेही हळूहळू हँगरमध्ये अडकून पडतात. हे विमान म्हातारे झाले की त्याच्या जागी कोणते आणायचे, हा प्रश्न अमेरिकन नौदलापुढे दुसऱ्या महायुद्धापासून पुन्हापुन्हा आला आणि दर वेळी त्याचे उत्तर एकाच रीतीने दिले गेले. ती रीत शहाणपणाची होती. मात्र तिच्यासोबत एक दुसरी रीतही नकळत पाळली जात होती, आणि ती अलीकडे सुटली. आजच्या अडचणीचे मूळ तिथे आहे.

आधी या कामाची अट समजून घ्यायला हवी, कारण ती भलतीच कडक आहे. ग्रेहाउंड डेकवर येते ते ताशी दोनशे किलोमीटरच्या आसपासच्या वेगाने. शेपटीखालचा हुक डेकवर आडव्या ताणलेल्या पोलादी तारांपैकी एकीत अडकतो आणि दोन-तीन सेकंदांत विमान जागच्या जागी थांबते. म्हणून आतल्या सगळ्या आसनांची तोंडे शेपटीकडे असतात. झटका बसतो तेव्हा माणूस पाठीवर दाबला जातो, पुढे फेकला जात नाही. प्रवाशाच्या डोक्यावर हेल्मेट, डोळ्यांवर गॉगल, अंगात जीवरक्षक जाकीट आणि खांद्यांवरून आलेले पट्टे. खिडक्या जवळजवळ नाहीतच, त्यामुळे जहाज कधी आले हे दिसत नाही, ते अंगालाच कळते. परतताना उलटा प्रकार: कॅटापुल्ट विमानाला पुढे भिरकावते आणि माणूस पट्ट्यांवर लोंबकळल्यासारखा होतो. हे दोन्ही धक्के सोसेल अशी सांगाड्याची आणि चाकांच्या पायांची मजबुती, पंख दुमडून लहानशा जागेत मावण्याची सोय, खाऱ्या हवेत न गंजणारी बांधणी आणि शिवाय पोटात माल भरण्याइतकी जागा, एवढे सगळे एकत्र लागते. जमिनीवरच्या धावपट्टीसाठी केलेल्या मालवाहू विमानात यातले काहीच नसते. आणि नवे विमान केवळ याच कामासाठी कोऱ्या कागदावरून आखावे, तर लागणार किती? चाळीस, फार तर पन्नास. इतक्या थोड्या विमानांसाठी नवा आराखडा, नव्या चाचण्या आणि नवा कारखाना उभा करणे कोणत्याच अंदाजपत्रकात बसत नाही.

म्हणून रीत अशी पडली की डेकवर आधीच नांदत असलेल्या एखाद्या विमानाचेच मालवाहू भावंड करायचे. महायुद्धानंतर ॲव्हेंजर या टॉर्पेडो टाकणाऱ्या विमानाच्या मशीनगन आणि चिलखत काढून त्यात प्रवाशांची आसने बसवली गेली आणि ते टीबीएम-३आर झाले. कोरियन युद्धात विमानवाहू नौकांपर्यंत माणसे, टपाल आणि सुटे भाग पोचवण्याचे काम या म्हाताऱ्या ॲव्हेंजरांनी केले. त्यानंतर ग्रमन कंपनीच्या ट्रॅकर या पाणबुडीविरोधी विमानाचा पाळणा हलला आणि त्याच्यापासून ट्रेडर हे मालवाहू विमान निघाले. जानेवारी १९५५मध्ये ते प्रथम उडाले आणि एकंदर ८७ बांधली गेली. नऊ माणसे किंवा सुमारे सोळाशे किलो माल, एवढीच त्याची ताकद. पण ट्रॅकरचे इंजिन दुरुस्त करणारा मेकॅनिक ट्रेडरचेही करत होता, ट्रॅकरचा सुटा भाग ट्रेडरला बसत होता, आणि वैमानिकाला शिकवायला वेगळी शाळा लागत नव्हती. ब्रिटनच्या शाही नौदलानेही नेमका हाच विचार केला. त्यांनी फेअरी गॅनेट या पाणबुडीविरोधी विमानांपैकी काही मोजकी बदलून घेतली आणि त्यांच्याकडून डेकवरच्या मालाची ने-आण करवली. दोन वेगळ्या देशांची नौदले, दोन वेगळे कारखाने, आणि उत्तर एकच. हा योगायोग नव्हता. डेकवरच्या विमानाची किंमत त्याच्या खरेदीत कमी आणि त्याच्या पाठीमागच्या पसाऱ्यात जास्त असते, हे दोघांनाही अनुभवाने कळले होते.

साठच्या दशकात ही रीत सर्वात फळाला आली. ग्रमनने हॉकआय हे डोक्यावर मोठी रडारची तबकडी असलेले टेहळणी विमान बनवले होते. त्याचे पंख, इंजिने आणि चार उभ्या पंखांची शेपटी तशीच ठेवून मधले धड मात्र रुंद केले गेले, मागे उतरता दरवाजा बसवला गेला आणि ग्रेहाउंड तयार झाले. पहिली दोन विमाने चक्क हॉकआयचीच रूपांतरे होती आणि त्यांतले पहिले १८ नोव्हेंबर १९६४ रोजी उडाले. साडेचार हजार किलो माल किंवा सव्वीस माणसे, ही क्षमता ट्रेडरच्या जवळजवळ तिप्पट होती. मागच्या दरवाजातून लढाऊ विमानाचे अख्खे जेट इंजिन आत ढकलता येऊ लागले, आणि ही सोय पुढच्या कथेत फार महत्त्वाची ठरणार होती. पहिली तुकडी झिजत आली तेव्हा १९८४मध्ये नौदलाने आणखी ३९ ग्रेहाउंड मागवली आणि ती १९९०पर्यंत हाती आली. त्याच साच्याचे विमान वीस वर्षांनी पुन्हा मागवण्याची वेळ यावी, यातच त्या निवडीची पावती आहे. हॉकआयचे उत्पादन चालू होते म्हणून ग्रेहाउंडचेही पुन्हा सुरू करता आले. घराणे जिवंत असले की वारस मिळतो, हा धडा तिथे गिरवला गेला.

इथे एक आक्षेप साहजिक आहे. माल वाहायचा असेल तर मोठे विमान का नको? हा प्रश्न नौदलाने स्वतःलाच विचारला होता आणि त्याचे उत्तर कागदावर नव्हे, समुद्रावर शोधले होते. ३० ऑक्टोबर १९६३पासून पुढच्या काही आठवड्यांत लेफ्टनंट जेम्स फ्लॅटली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केसी-१३० हर्क्युलिस हे चार इंजिनांचे, चाळीस मीटर पंखविस्ताराचे विमान अटलांटिक महासागरात फॉरेस्टल या नौकेवर उतरवले. हुक नाही, कॅटापुल्ट नाही. फक्त सुधारलेले ब्रेक, बदललेला पुढच्या चाकाचा पाय आणि पंख्यांचा उलटा जोर. एकवीस वेळा ते डेकवर पूर्ण थांबले आणि एकवीस वेळा स्वतःच्या बळावर उडाले. सुमारे ३८ टन वजनाने उतरल्यावर ते ८१ मीटरांत थांबले. जवळपास ५५ टनांचे होऊन उडायला त्याला सव्वादोनशे मीटर पुरले. चाचणीचा निष्कर्ष असा निघाला की हर्क्युलिस अकरा हजार किलो माल चार हजार किलोमीटरवरून आणून डेकवर उतरवू शकेल. ग्रेहाउंडच्या अडीचपट! तरीही कल्पना तिथेच सोडून दिली गेली, आणि ते योग्यच होते. पंखाचे टोक जहाजाच्या मनोऱ्यापासून जेमतेम साडेचार मीटरवरून जात होते. असे विमान डेकवर असेपर्यंत बाकीच्या सगळ्या विमानांना जागा सोडावी लागते. ते बिघडले तर हँगरमध्ये उतरवायची सोय नाही, म्हणजे अख्खी नौका खोळंबते. डेकवर किलोपेक्षा जागा आणि वेळ महाग असतात. वाहून नेण्याची ताकद हा निवडीचा पहिला निकष नाही, हे या एका चाचणीने कायमचे सिद्ध केले.

पण वारसाची निवड घराण्यातूनच करण्याच्या या रीतीतली एक उणीव कशी झाकली गेली, हे पाहण्यासाठी तारखा शेजारीशेजारी मांडाव्या लागतात. ग्रेहाउंड १९६६पासून सेवेत आले. ट्रेडर मात्र १९८८पर्यंत उडत राहिले. म्हणजे बावीस वर्षे डेकवर दोन वेगळ्या घराण्यांची मालवाहू विमाने एकाच वेळी होती. एकाची मुळे ट्रॅकरमध्ये, दुसऱ्याची हॉकआयमध्ये. इंजिने वेगळी, गिअरबॉक्स वेगळे, दोष वेगळे. त्यातच तिसरेही आले. लॉकहीडच्या व्हायकिंग या पाणबुडीविरोधी जेट विमानांपैकी अर्ध्या डझनाच्या आसपास विमाने बदलून यूएस-३ए ही मालवाहू विमाने केली गेली. त्यांत माल आणि माणसे कमीच मावत, पण पल्ला मोठा होता. १९७९-८०मध्ये इराणमधल्या ओलिसांच्या प्रश्नावरून अमेरिकन नौका भारताशेजारच्या अरबी समुद्राच्या उत्तर भागात ठाण मांडून बसल्या, तेव्हा जवळचा मित्र तळ म्हणजे हिंदी महासागरातले दिएगो गार्सिया बेट, तेही तीन हजार किलोमीटरहून दूर. तो टप्पा गाठायला हे तिसरे भावंड उपयोगी पडले. असे ऐंशीच्या दशकात डेकवर तीन घराण्यांचा पुरवठा होता. कोणी ठरवून केलेली ही योजना नव्हती. जुने विमान अजून उडते तर उडू द्या, एवढाच हिशेब होता. पण परिणाम योजनेसारखाच झाला. एका घराण्यात दोष निघाला तरी टपाल थांबत नव्हते.

नव्वदच्या दशकात हे चित्र पालटले. शीतयुद्ध संपले, खर्चाला कात्री लागली, आणि विमानांचे प्रकार जितके कमी तितके बरे, हे सूत्र सगळीकडे मान्य झाले. ट्रेडर आधीच गेले होते, मालवाहू व्हायकिंगही गेली, आणि ग्रेहाउंड एकटे उरले. त्याचे आयुष्य ताणण्यासाठी सांगाडा मजबूत केला गेला, पंधरा हजार लँडिंगची मर्यादा छत्तीस हजारांवर नेली गेली, आठ पात्यांचे नवे पंखे बसवले गेले. तरीही वारस शोधणे भाग होते. २०१४च्या सुमारास तीन पर्याय चर्चेत होते. पहिला, हॉकआयच्या सर्वात नव्या आवृत्तीचे पंख आणि इंजिने घेऊन ग्रेहाउंडचेच नवे रूप बांधणे. दुसरा, लॉकहीडचा: वाळवंटात साठवून ठेवलेल्या व्हायकिंगांना नवे रुंद धड लावून सी-३ हे विमान करणे. तिसरा, मरीन कोरकडे आधीच शेकड्यांनी असलेले ऑस्प्रे हे टिल्ट-रोटर विमान, ज्याचे इंजिन आणि पंखे वर वळले की ते हेलिकॉप्टरसारखे उभे उतरते आणि पुढे झुकले की विमानासारखे उडते. बारकाईने पाहिले तर तिन्ही पर्याय जुन्या रीतीचेच होते. तिघांनाही घराणे होते. फरक इतकाच की व्हायकिंगचे घराणे संपले होते. ते विमान २००९मध्येच नौकांवरून निवृत्त झाले होते. त्यामुळे खरी निवड ग्रेहाउंडचे नवे रूप आणि ऑस्प्रे या दोघांतच होती.

जानेवारी २०१५मध्ये नौदल सचिव रे मेबस, नौदलप्रमुख जोनाथन ग्रीनर्ट आणि मरीन कोरचे प्रमुख जोसेफ डनफोर्ड यांच्या सह्यांच्या करारपत्राने ऑस्प्रेच्या बाजूने कौल दिला. या कौलावर टीका भरपूर झाली आणि त्यातली बरीचशी खरी होती. ऑस्प्रेत माल २,७०० किलोच्या आसपास मावतो, ग्रेहाउंडच्या साठ टक्के. त्याच्या केबिनमध्ये हवेचा दाब राखला जात नाही, त्यामुळे प्रवासी असताना उंचावरून, वाऱ्यापावसाच्या वरून जाता येत नाही. उतरताना पंख्यांचा झोत इतका जबर असतो की आजूबाजूचा डेक मोकळा करावा लागतो. पण दुसरी बाजूही तितकीच भक्कम होती. ग्रेहाउंडला कॅटापुल्ट आणि तारा लागतात, म्हणून ते फक्त मोठ्या नौकेवरच उतरते. पुढे विनाशिकांपर्यंत माल पोचवायला हेलिकॉप्टरची दुसरी खेप करावी लागते. ऑस्प्रे इतर काही जहाजांवरही थेट उतरू शकते. आणि मघाशी उल्लेख केलेला इंजिनाचा प्रश्न इथे निर्णायक झाला. नव्या एफ-३५सी लढाऊ विमानाच्या इंजिनाचा मुख्य भाग त्याच्या वाहतुकीच्या पेटीसह ग्रेहाउंडच्या दरवाजातून आत जात नव्हता, ऑस्प्रेत तो नेता येत होता. पल्ला वाढवण्यासाठी मोठ्या इंधनटाक्या लावून सीएमव्ही-२२बी ही आवृत्ती तयार झाली. २०१८च्या करारात अशी ३९ विमाने मागवली गेली, डिसेंबर २०१९मध्ये पहिले उडाले आणि २०२१मध्ये कार्ल व्हिन्सन या नौकेसोबत एफ-३५सी आणि नवे मालवाहू विमान एकाच मोहिमेवर निघाले. रीतीच्या कसोटीवर ही निवड टिकते. घराणे मोठे, जिवंत, प्रशिक्षणाची शाळा तयार, सुट्या भागांचा साठा सामाईक. म्हणून चूक विमान निवडण्यात झाली, असे मला वाटत नाही.

२९ नोव्हेंबर २०२३ रोजी जपानच्या याकुशिमा बेटाजवळ अमेरिकन हवाई दलाचे एक ऑस्प्रे समुद्रात कोसळले आणि त्यातले आठही जण मृत्युमुखी पडले. चौकशीत डाव्या बाजूच्या गिअरबॉक्समधले एक दातेरी चाक तडकल्याचे निघाले. धोक्याच्या सूचना मिळूनही उड्डाण लांबवण्याचा निर्णयही कारणांत नोंदवला गेला. ६ डिसेंबरला अमेरिकेच्या हवाई दल, नौदल आणि मरीन कोर या तिन्ही दलांची सगळी ऑस्प्रे थांबवली गेली. नौदलाच्या एकाही मालवाहू विमानाला काही झाले नव्हते. तरीही तेच दातेरी चाक त्यांच्याही गिअरबॉक्समध्ये होते, म्हणून तीही थांबली. तीन महिन्यांनी, मार्च २०२४मध्ये उड्डाणे पुन्हा सुरू झाली, पण एका अटीवर: उतरता येईल अशा विमानतळापासून तीस मिनिटांच्या आतच राहायचे. भर महासागरात असलेल्या नौकेपर्यंत जाणाऱ्या विमानासाठी ही अट म्हणजे जवळपास बंदीच. निवृत्तीच्या वाटेवर असलेल्या ग्रेहाउंडांना तेव्हा पुन्हा भार उचलावा लागला. डिसेंबर २०२४मध्ये आणखी एका घटनेनंतर ऑस्प्रेची उड्डाणे पुन्हा काही काळ थांबली. जो सामाईकपणा विमान स्वस्त करत होता, त्यानेच एका तळावरचा दोष सगळ्या नौकांपर्यंत पोचवला. ग्रेहाउंडांचे निवृत्तीचे वेळापत्रक २०२६पर्यंतचे होते. ही घटना तीन वर्षांनी घडली असती तर उचलायला कोणीच उरले नसते. सगळ्या गावाने एकाच विहिरीवर पाणी भरावे आणि जुनी विहीर बुजवून टाकावी, तसे हे झाले असते.

यावर एक उत्तर दिले जाते: दोष कोणत्याही विमानात निघू शकतो. नोव्हेंबर २०१७मध्ये रोनाल्ड रेगन या नौकेकडे निघालेले एक ग्रेहाउंड फिलिपिन समुद्रात कोसळले आणि तीन नौसैनिक गेले. साठच्या आणि सत्तरच्या दशकांतही ग्रेहाउंडांचे प्राणघातक अपघात झाले. म्हणून ऑस्प्रेला वेगळे धारेवर धरणे अन्यायाचे आहे. हे मला मान्य आहे, आणि माझा मुद्दा यातूनच अधिक पक्का होतो. दोष कोणातही निघतो, म्हणूनच एकावर सगळे टांगून ठेवू नये. दुसरे उत्तर असे की बहुतेक पुरवठा जहाजांतूनच होतो, मग या विमानाचा एवढा बाऊ कशाला? जहाजातून काय येते आणि विमानातून काय येते, हे पाहिले की याचे उत्तर मिळते. जहाजातून येते ते आधी ठरवता येणारे सामान: धान्य, इंधन, दारूगोळा. विमानातून येते ते न ठरवता येणारे: बिघाड, आजार, बदली. युद्धनौकेची तयारी मोडते ती सहसा या दुसऱ्या प्रकारच्या गोष्टींनी. आणि जहाज कितीही मोठे असले तरी ते आठवड्याने येते; रडार मात्र आजच बंद पडलेले असते.

तिसरा आक्षेप पैशाचा, आणि तोच सगळ्यांत वजनदार आहे. दोन प्रकार ठेवायचे म्हणजे दोन शाळा, दोन गोदामे, दोन प्रकारचे मेकॅनिक. ज्या खर्चाला कंटाळून नौदलाने प्रकार कमी केले, तोच परत ओढवून घ्यायचा का? पण दोन घराणी म्हणजे दोन सारखेच मोठे ताफे, असे कोणी म्हणत नाही. मालवाहू व्हायकिंग अर्ध्या डझनाच्या आसपासच होती आणि तरीही त्यांनी आपले काम केले. शिवाय गरजेचा आकार काय आहे, हेही आता मोजले गेले आहे. अमेरिकन नौदलाने आपल्याच नोंदी तपासल्या तेव्हा दिसले की जहाज लढण्यास असमर्थ होते तेव्हा त्याला लागणाऱ्या सुट्या भागांपैकी सुमारे ९० टक्के खेपांचे वजन पन्नास पौंडांच्या, म्हणजे तेवीस किलोंच्या आत असते. इलेक्ट्रॉनिक पाटी, झडप, सेन्सर. एवढे वजन वैमानिकाविना उडणारे छोटे विमानही नेऊ शकते. २०२१मध्ये जेराल्ड फोर्ड या नौकेच्या डेकवर असे ड्रोन उतरवून पाहिले गेले. सप्टेंबर २०२३मध्ये ब्रिटनच्या कॉर्नवॉलमधून उडालेले एक वैमानिकरहित मालवाहू विमान प्रिन्स ऑफ वेल्स नौकेवर उतरून, माल ठेवून परत गेले. हे ड्रोन एफ-३५चे इंजिन नेऊ शकणार नाही, शल्यविशारदाला आणू शकणार नाही. पण मोठे विमान थांबले तरी दहांतली नऊ कामे चालू ठेवण्याची ताकद त्यात आहे, आणि त्याचे घराणे पूर्णपणे वेगळे आहे. ट्रेडरने बावीस वर्षे जी सोबत केली, तीच कमी खर्चात पुन्हा उभी करण्याचा हा मार्ग आहे.

हा प्रश्न आपल्या किनाऱ्यापासून दूरचा वाटेल, पण तो आपल्याही नौदलापुढे आहे. विक्रमादित्य आणि विक्रांत या आपल्या दोन्ही नौकांना वर उचललेला रॅम्प आहे, कॅटापुल्ट नाही. म्हणून ग्रेहाउंडसारखे विमान त्यांच्या कामाचे नाही. तातडीचा माल हेलिकॉप्टरने न्यायचा, तर पल्ला आखूड. गोव्याच्या किनाऱ्यापलीकडे २७ एप्रिल २०२३ रोजी डीआरडीओ आणि नौदलाने आयएल-३८ विमानातून एडीसी-१५० हा दीडशे किलो माल नेणारा पेटारा पॅराशूटने समुद्रात सोडून पाहिला, तो किनाऱ्यापासून दोन हजार किलोमीटरहून दूर असलेल्या जहाजांना सुटे भाग पोचवण्यासाठीच. मार्च २०२४मध्ये रुएन या अपहृत जहाजाच्या सुटकेसाठी हवाई दलाच्या सी-१७ने किनाऱ्यापासून सुमारे २,६०० किलोमीटर अंतरावर कमांडो आणि त्यांच्या रबरी होड्या समुद्रात उतरवल्या. डेकवर न उतरताही दूरवर रसद पोचवता येते, हे या दोन्ही प्रसंगांनी दाखवले. पेटारा परत मात्र काही आणू शकत नाही. आजारी माणसाला त्यातून घरी नेता येत नाही. म्हणून तो हेलिकॉप्टरची जागा घेणार नाही, सोबत करील. आपल्याकडे पेटारा आणि हेलिकॉप्टर ही दोन घराणी आहेतच. उद्या ड्रोन आले तर तिसरे होईल. एखाद्या चमकदार नव्या विमानाच्या मोहात पडून बाकीची मोडीत काढण्याची घाई मात्र आपण करू नये.

अमेरिकन नौदलाच्या सत्तर-ऐंशी वर्षांच्या अनुभवातून वारस निवडण्याचे दोन नियम निघतात. पहिला त्यांनी कधीच सोडला नाही: विमान असे घ्या ज्याचे घराणे जिवंत आणि मोठे आहे. दुसरा नियम कोणी लिहून ठेवला नव्हता, म्हणून तो हातून निसटला: नव्या घराण्याची समुद्रावर पुरती कसोटी लागेपर्यंत, आणि त्यानंतरही, दुसरे एखादे घराणे डेकवर राहू द्या, मग ते लहान का असेना. पहिला नियम पाळला की रोजचा खर्च वाचतो. दुसरा पाळला की ज्या दिवशी एका दातेरी चाकाने सगळा ताफा थांबतो, त्या दिवशी नौका थांबत नाही. नवे मालवाहू विमान निवडणाऱ्या कोणत्याही देशाच्या समितीने प्रत्येक उमेदवार किती किलो नेतो, किती दूर जातो, किती रुपयांना मिळतो, हे जरूर विचारावे. पण हे विमान उडू शकणार नाही त्या तीन महिन्यांत काम कोण करणार, याचे उत्तर विमानाच्या नावासकट कागदावर येईपर्यंत कोणाच्याही करारावर सही करू नये.